जुना खेळ, नवे यंत्र

एका छोट्याशा कोड्याने सुरुवात करू.

समजा, तुमच्या ताईने शाळेत असताना, म्हणजे २००५ च्या सुमारास, घरच्या संगणकावर एक गाव वसवले होते. खऱ्या विटामातीचे नव्हे, खेळातले. त्या गावात दहा-बारा घरे होती आणि प्रत्येक घरात एक कुटुंब होते. कुटुंबातील माणसे रोज उठत, जेवत, कामावर जात, भांडत, लग्ने करत, म्हातारी होत. त्यांच्या मुलांनाही पुढे मुले झाली. खेळाचे नाव 'द सिम्स २'. ताईने ते गाव जपून ठेवले. जुना संगणक मोडीत निघाला, तरी गावाच्या फाइली तिने एका डिस्कवर उतरवून घेतल्या.

आता घरात नवा, चांगला दणकट संगणक आला आहे. सुट्टीत घरी आलेल्या ताईने खेळ त्यावर चढवला, जुन्या फाइली जागच्या जागी ठेवल्या आणि आता खेळ कसा भरधाव चालेल या आशेने तो सुरू केला. पण पाहते तो काय! चित्र धूसर आणि ओबडधोबड दिसू लागले. माणसांच्या पायांखाली काळे चौकोन उमटले. तासाभराने घरांच्या भिंती एकाएकी भडक गुलाबी झाल्या, आणि शेवटी खेळ आपोआप बंद पडला.

कोडे हे की, २००४ साली हा खेळ बाजारात आला तेव्हा त्याची मागणी फार माफक होती. ३२ मेगाबाइट स्मृतीचे ग्राफिक्स कार्ड त्याला पुरत असे. आजच्या मध्यम प्रतीच्या कार्डावरही ८ गिगाबाइट, म्हणजे ८,१९२ मेगाबाइट स्मृती असते. भागाकार करून पहा: ८,१९२ भागिले ३२ म्हणजे २५६. पूर्वीपेक्षा २५६ पट मोठी कोठी हाताशी असताना खेळाची उपासमार का व्हावी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला संगणकाच्या पोटात बरेच काही पाहायला मिळेल. चला तर.

खेळाचे दोन भाग

विल राइट हे या खेळाचे मूळ कल्पक. शहर वसवण्याचा 'सिमसिटी' हा त्यांचा खेळ १९८९ साली प्रसिद्ध झाला होता. १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर मोठा वणवा लागला आणि त्यात त्यांचे घर जळाले. घर पुन्हा उभे करताना, माणसाला खरोखर कोणत्या वस्तू लागतात आणि कोणत्या क्रमाने, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. त्यातून पुढे 'द सिम्स' हा खेळ जन्मला. तो २००० साली आला आणि त्याची दुसरी आवृत्ती २००४ साली.

या खेळातील माणूस म्हणजे काय? मुळात तो आकड्यांचा एक संच आहे. भूक, झोप, स्वच्छता, करमणूक, सोबत अशा आठ गरजा असतात आणि प्रत्येक गरजेचा एक आकडा असतो. वेळ जातो तसे हे आकडे घसरत जातात. घरातल्या वस्तू मात्र गप्प बसलेल्या नसतात. आठवड्याच्या बाजारात विक्रेते ओरडून गिऱ्हाइकाला बोलावतात ना, तशी प्रत्येक वस्तू आकड्यांच्या भाषेत ओरडत असते. फ्रिज म्हणतो, 'इकडे या, भूक इतकी भागेल'. पलंग म्हणतो, 'इकडे या, थकवा इतका जाईल'. माणूस स्वतःच्या गरजांशी या हाकांची तुलना करतो आणि ज्यात अधिक लाभ दिसेल तिकडे वळतो. दुसऱ्या आवृत्तीत आनुवंशिकताही आली. डोळ्यांच्या आणि केसांच्या रंगांत काही प्रभावी, काही अप्रभावी असतात. मेंडेलचे वाटाण्याचे प्रयोग तुम्ही अभ्यासले आहेत. त्याच धर्तीवर येथे आजीच्या डोळ्यांचा रंग नातीत उमटू शकतो.

ही सारी आकडेमोड संगणकाचा मुख्य प्रक्रियक करतो. खेळाचा हा झाला पहिला भाग. दुसरा भाग म्हणजे त्या आकड्यांचे चित्र काढणे, आणि ते काम ग्राफिक्स कार्डाचे.

पडद्यावरचे चित्र हे बारीक चित्रबिंदूंचे बनलेले असते. आजच्या नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० बिंदू असतात. गुणाकार केला तर एका चित्रात २०,७३,६०० बिंदू भरतात. हालचाल सलग दिसावी म्हणून असे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढले तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार बिंदू रंगवावे लागतात. मुख्य प्रक्रियक कितीही हुशार असला तरी हे ओझे त्याला पेलत नाही. गणिताचे एक अवघड उदाहरण एकच हुशार विद्यार्थी लवकर सोडवतो. पण अख्ख्या शाळेच्या भिंती रंगवायच्या तर शंभर मुलांच्या हाती शंभर कुंचले द्यावे लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे असे हजारो साधे कारागीर. ते एकाच वेळी कामाला लागतात.

हे कारागीर प्रत्येक वस्तू लहान लहान त्रिकोणांची बनलेली आहे असे मानतात. त्रिकोण जोडून खुर्चीचा किंवा चेहऱ्याचा आकार होतो आणि मग त्यावर एक सपाट चित्र चिकटवले जाते. लाकडाचे रेषारेषांचे चित्र चिकटवले की तीच खुर्ची लाकडी दिसते. या चित्राला टेक्श्चर किंवा पोत म्हणतात. कार्डावर जी स्मृती असते तिचा मोठा भाग या पोतांनी व्यापलेला असतो. पोत हा शब्द लक्षात ठेवा. पुढची बरीचशी गंमत त्याच्याभोवती आहे.

मधला दुभाषा

खेळाची आज्ञावली ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलत नाही. तसे बोलायचे तर बाजारातील प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक कार्डाची बोली खेळ लिहिणाऱ्याला शिकावी लागेल. म्हणून एक प्रमाणभाषा ठरवलेली असते. खेळ प्रमाणभाषेत सांगतो: 'हा त्रिकोण येथे काढ, त्यावर हा पोत चिकटव'. कार्डाच्या कंपनीने दिलेली ड्रायव्हर नावाची आज्ञावली त्याचा अनुवाद त्या कार्डाच्या बोलीत करते. सिम्स २ ज्या प्रमाणभाषेत लिहिला आहे ती मायक्रोसॉफ्टची डायरेक्टएक्स ९. ती २००२ च्या अखेरीस आली.

एवढी व्यवस्था असल्यावर खेळ वीस वर्षांनीही सुरळीत चालायला हवा, असे तुम्ही म्हणाल. बऱ्याच अंशी तो चालतोही. पण खेळ लिहिणाऱ्यांनी यंत्राविषयी काही गोष्टी गृहीत धरल्या होत्या, आणि अडचण तेथेच आहे. आता एकेक गृहीतक पाहू.

हजेरीपटावर नाव नाही

२००४ सालची कार्डे एकमेकांपासून फार वेगळी असत. एखाद्याला पाण्याची लकाकी काढता येई, दुसऱ्याला येत नसे. एखाद्याच्या ड्रायव्हरमध्ये ठरावीक दोष असे. खेळ कोणाच्याही घरी चालावा म्हणून कर्त्यांनी एक हजेरीपट तयार केला. तो खेळाच्याच फाइलींत साध्या मजकुराच्या रूपात आहे. त्यात त्या काळातील कार्डांची यादी असून, शेजारच्या दुसऱ्या फाइलीत कोणत्या कार्डाला काय झेपेल याचे नियम लिहिले आहेत.

कार्डाची ओळख पटते कशी? प्रत्येक कार्ड दोन क्रमांक सांगते. पहिला त्याच्या कंपनीचा, दुसरा त्या विशिष्ट नमुन्याचा. हे क्रमांक सोळा अंकी पद्धतीत, म्हणजे ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे वापरून लिहितात. एनव्हिडियाचा कंपनी क्रमांक १०डीई, एएमडीच्या कार्डांचा १००२, तर इंटेलचा ८०८६. यातला शेवटचा क्रमांक ओळखीचा वाटला का? इंटेलच्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रक्रियकाचे नावही ८०८६ हेच होते.

आता ताईच्या नव्या संगणकात काय झाले ते पहा. खेळाने विचारले, 'तुझा क्रमांक काय?' कार्डाने सांगितला. खेळाने हजेरीपट चाळला. यादी वीस वर्षांपूर्वीची, तेव्हा नाव सापडणार कोठून? वर्गात नवा विद्यार्थी आला आणि त्याचे नाव पटावर नसले तर गुरुजी त्याला तूर्त मागच्या बाकावर बसवतात. खेळानेही तेच केले. हे कार्ड अनोळखी आहे, म्हणून त्याला कमीत कमी काम द्यावे, असा नियम त्याने लावला. पोतांसाठी ३२ मेगाबाइट स्मृतीच गृहीत धरली आणि चित्राचा आकार ८०० गुणिले ६०० बिंदू ठेवला. म्हणजे ४,८०,००० बिंदू. नव्या पडद्याच्या बिंदूंचा हा पाव हिस्साही नाही. मोठ्या पडद्यावर एवढे लहान चित्र ताणून बसवले की ते धूसर दिसणारच. खेळाच्या फाइलीत चित्राची कमाल मर्यादाही १,६०० गुणिले १,२०० अशी घातलेली होती, कारण त्या काळच्या घरगुती पडद्यांना याहून जास्त क्वचितच लागे.

कर्त्यांना हसू नका. यादी करण्यामागे सावधगिरीच होती आणि त्या दिवसांत ती योग्यही होती. ओळख नसलेल्याला दुबळा समजणे त्या वेळी शहाणपणाचे होते, कारण यादीबाहेरचे कार्ड बहुधा जुने आणि दुबळे असे. आज यादीबाहेरचे कार्ड नवे आणि बलवान असते. यादीत चूक नाही, तिच्याभोवतीचे जग बदलले आहे.

ही फाइल साध्या मजकुराची असल्याने उपायही सोपा आहे. हौशी जाणकारांनी तिच्यात नव्या कार्डाचा क्रमांक घातला, स्मृतीचा खरा आकडा आणि पडद्याचा नवा आकार लिहिला. हे काम आपोआप करून देणारी लहानशी आज्ञावलीही त्यांनी बनवली. पटावर नाव चढले आणि विद्यार्थी पुढच्या बाकावर आला.

मीटरचे आकडे संपले

पण मुळात यादी कशाला? 'तुझ्याकडे स्मृती किती?' असे खेळाने कार्डालाच विचारले असते तर?

विचारण्याची सोय होती. मात्र डायरेक्टएक्स ९ मध्ये या प्रश्नाचे उत्तर ३२ द्विमान अंकांच्या एका संख्येत मिळते. विजेच्या मीटरची आकडी डोळ्यांपुढे आणा. पाच घरे असतील तर ९९,९९९ नंतर पुन्हा ०००००. एक लाख युनिट वीज जळली तरी ते लिहिण्यास जागा नाही. संगणकाच्या ३२ घरांत, प्रत्येक घरात ० किंवा १ असल्याने, २ चा ३२ वा घात इतक्या, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ निरनिराळ्या संख्या मावतात. तेवढे बाइट म्हणजेच ४ गिगाबाइट.

आता ८ गिगाबाइट ही संख्या या मीटरवर मांडू. ८ गिगाबाइट म्हणजे ८,५८,९९,३४,५९२ बाइट. मीटर दोनदा पूर्ण फिरते आणि पुन्हा शून्यावर येऊन थांबते. ६ गिगाबाइट असते तर मीटरने २ दाखवले असते! असा घोटाळा टाळायचा तर उत्तर मुद्दाम ४ गिगाबाइटच्या आत ठेवावे लागते. म्हणजे काहीही केले तरी जुन्या पद्धतीने विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देता येत नाही. २००२ साली कार्डांची स्मृती मेगाबाइटांत मोजत असत, तेव्हा ४ गिगाबाइटची मर्यादा आकाशाएवढी वाटली असावी.

गुलाबी भिंती

आता त्या भडक गुलाबी भिंतींकडे वळू.

एका पोताची लांबी-रुंदी १,०२४ बिंदू धरा. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ४ बाइट लागतात. १,०२४ गुणिले १,०२४ गुणिले ४ म्हणजे ४ मेगाबाइट. ३२ मेगाबाइटच्या कोठीत असे पोत मावतील अवघे आठ! प्रत्यक्षात पोत दाबून, संक्षिप्त करून ठेवतात. त्या काळच्या प्रचलित पद्धतींनी ते चौथ्या किंवा आठव्या हिश्शात बसत. तरीही तीस ते साठ पोतांत कोठी भरते. आणि खेळातल्या एका घरात काय काय असते? भिंती, फरशा, पडदे, भांडी, कपडे, प्रत्येकाचा चेहरा. त्यातच ताईने पुढे खेळाचे पुरवणी भाग घेतलेले, आणि हौशी लोकांनी बनवलेल्या शेकडो साड्या, सोफे, झुंबरे गोळा केलेली.

एखाद्या वस्तूचा पोत मिळाला नाही की खेळ तिच्यावर भडक रंग फासतो. आज्ञावली लिहिणारे अशा प्रसंगासाठी बहुधा निसर्गात सहसा न दिसणारा रंग निवडतात, म्हणजे चूक चटकन डोळ्यांत भरते. सिम्स २ मध्ये तो रंग गुलाबी. खेळणाऱ्यांनी या आपत्तीला 'गुलाबी सूप' असे नाव ठेवले आहे.

आता तुम्ही म्हणाल, हजेरीपट सुधारला, कार्डाची पूर्ण स्मृती खेळाला कळली, मग तरी हा त्रास संपावा. पण बऱ्याच जणांचा संपला नाही, कारण दुसरी कोठी अजून अरुंदच होती.

दोन गिगाबाइटचे कुंपण

सिम्स २ ही ३२ अंकी आज्ञावली आहे. स्मृतीतील प्रत्येक घराला ती ३२ द्विमान अंकांचा पत्ता देते. तेव्हा तिला ४ गिगाबाइटपलीकडचा पत्ता लिहिताच येत नाही. त्यातही विंडोज या कार्यप्रणालीची रीत अशी की, या ४ पैकी २ गिगाबाइट पत्ते आज्ञावलीला आणि २ स्वतःच्या कारभाराला. संगणकात ३२ गिगाबाइट स्मृती बसवा, खेळ मात्र आपल्या २ गिगाबाइटच्या कुंपणातच राहतो. शेजारी पंचवीस एकर रान मोकळे असले तरी सातबारा दोन एकरांचाच असेल तर नांगर दोन एकरांतच चालायचा!

आणखी एक बाब. डायरेक्टएक्स ९ मध्ये पोत सांभाळण्याची एक नेहमीची पद्धत आहे. तिच्यात कार्डावर पोत ठेवताना त्याची एक नक्कल संगणकाच्या मुख्य स्मृतीतही ठेवली जाते, म्हणजे कार्डावरची प्रत नष्ट झाली तर ती पुन्हा चढवता येते. सोय उत्तमच, पण त्यामुळे कार्डावर जितके पोत वाढतात तितकी ही दोन एकरांची जमीनही भरत जाते. जागा संपली की नवा पोत कोठे ठेवणार? आधी भिंती गुलाबी होतात, मग खेळ कोसळतो.

याचा उपाय इतका लहान आहे की ऐकून नवल वाटेल. विंडोजवर चालणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीच्या मथळ्यात काही खुणा असतात. त्यांतील एक खूण सांगते, 'मला २ गिगाबाइटपलीकडचे पत्ते चालतील'. सिम्स २ च्या मथळ्यात त्या जागी ० आहे. तो बदलून १ केला की ६४ अंकी विंडोज त्या आज्ञावलीला पूर्ण ४ गिगाबाइट पत्ते देते. एका द्विमान अंकाच्या फरकाने जमीन दुप्पट!

मग सर्वांनाच पूर्ण जमीन आधीपासून का दिली नाही? कारण काही जुन्या आज्ञावल्यांच्या कर्त्यांनी एक चलाखी केली होती. पत्ता कधीच २ गिगाबाइटपुढे जात नाही, म्हणजे त्याचा पहिला अंक नेहमी ० असणार, हे पाहून त्यांनी त्या रिकाम्या जागेत स्वतःच्या खुणा लिहिल्या. अशा आज्ञावलीला पुढची जमीन दिली तर तिचे पत्ते आणि खुणा यांची गल्लत होईल. म्हणून विंडोज आधी संमती मागते. येथेही पाहा, गृहीतकच आडवे आले.

जास्त वेगाचा त्रास

यंत्र दुबळे असल्याने होणारा त्रास आपल्याला ठाऊक आहे. यंत्र फार बलवान असल्यानेही त्रास होतो, हे याच मालिकेतील २००९ साली आलेल्या 'द सिम्स ३' मध्ये दिसते. सेकंदाला किती चित्रे काढायची याला या खेळात पक्का लगाम नाही. जमतील तितकी काढायची, असा खाक्या. २००९ च्या कार्डाला सेकंदाला ३०-४० चित्रे काढताना घाम फुटे, तेव्हा लगामाची गरज भासली नाही. आजचे कार्ड साधे प्रतीक्षेचे पान दाखवतानाही सेकंदाला शेकडो चित्रे काढत सुटते. पडदा त्यातली ६० च दाखवू शकतो. उरलेली कोणी पाहतसुद्धा नाही. पण प्रत्येक चित्राला वीज लागते आणि त्या विजेची शेवटी उष्णताच होते. कार्ड तापते, पंखे घोंघावू लागतात. उपाय म्हणजे पडद्याच्या गतीशी चित्रांची गती बांधून टाकणे. ही सोय ड्रायव्हरच्या मांडणीत असते.

याच्या उलट, काही कामे नव्या कार्डाने मुळीच वेगवान होत नाहीत. माणसांच्या गरजांची आकडेमोड मुख्य प्रक्रियक करतो, हे आपण पाहिले. सिम्स २ लिहिला गेला तेव्हा घरगुती प्रक्रियकात एकच गाभा असे. दोन गाभ्यांचे घरगुती प्रक्रियक २००५ साली आले. आज आठ किंवा सोळा गाभे असले तरी या खेळाचे मुख्य काम एकच गाभा करतो आणि बाकीचे जवळजवळ रिकामे बसतात. म्हणून गावजेवणाला बरीच माणसे एका घरी बोलावलीत, तर कार्ड कितीही महाग असो, खेळ रेंगाळणार.

भाषा जुनी होते तेव्हा

आता दुभाष्याकडे परत जाऊ. डायरेक्टएक्स ९ ही भाषा जुनी झाली. नवे खेळ नव्या भाषांत लिहिले जातात. कार्डांच्या कंपन्यांनी जुन्या भाषेचा दुभाषा किती दिवस पोसावा? २०२२ साली इंटेलने आपली नवी आर्क कार्डे आणली तेव्हा डायरेक्टएक्स ९ चा थेट दुभाषा ठेवलाच नाही. जुन्या भाषेचे आधी नव्या भाषेत, म्हणजे डायरेक्टएक्स १२ मध्ये, भाषांतर करायचे आणि मग ते कार्डाला सांगायचे, असा दुहेरी मार्ग पत्करला. आरंभी जुने खेळ त्यावर अडखळत. त्याच वर्षाच्या अखेरीस सुधारलेला ड्रायव्हर आला आणि त्यांचा वेग बराच वाढला.

असेच भाषांतर करणारी 'डीएक्सव्हीके' नावाची एक खुली आज्ञावली आहे. २०१६ साली आलेली व्हल्कन ही कार्डांशी बोलण्याची नवी भाषा. डीएक्सव्हीके जुन्या डायरेक्टएक्सच्या आज्ञा ऐकते आणि त्या व्हल्कनमध्ये सांगते. मुळात ती लिनक्सवर विंडोजचे खेळ चालावेत म्हणून लिहिली गेली, पण विंडोजवरही अनेक जण जुन्या खेळांसाठी ती वापरतात. तिची फाइल खेळाच्या आज्ञावलीशेजारी ठेवली की खेळ समजतो, आपण डायरेक्टएक्स ९ शीच बोलत आहोत. मधल्या मध्ये भाषा बदलली, याचा त्याला पत्ताही लागत नाही.

राहिले पायांखालचे काळे चौकोन. ते खरे तर माणसांच्या सावल्या आहेत. सावलीची मऊ कडा न उमटता तिचा अख्खा चौकोन काळा होतो. खेळाच्या मांडणीत सावल्या बंद केल्या, किंवा सावली काढण्याच्या आज्ञांत हौशींनी केलेली छोटी दुरुस्ती बसवली, की चौकोन नाहीसे होतात.

स्वतः करून पहा

१. विंडोजच्या संगणकावर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. त्यात 'डिस्प्ले अडॅप्टर्स' खाली तुमच्या कार्डाचे नाव दिसेल. त्याच्या गुणधर्मांत 'डिटेल्स' मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. कंपनीचा आणि नमुन्याचा असे दोन्ही क्रमांक सापडतात का पहा. येथे फक्त पाहायचे आहे, काही बदलू नका.

२. वर्गात चार मुलांना ओळीने उभे करा. उभा म्हणजे १, बसलेला म्हणजे ०. ही झाली चार घरांची आकडी. ० पासून मोजत चला. १५ नंतर काय होते? आता २० ही संख्या मांडून पहा. उत्तर ४ का आले?

३. तुमच्या पडद्यावर आडवे-उभे किती बिंदू आहेत ते शोधा आणि त्यावरच्या एका चित्राला, बिंदूमागे ४ बाइट धरून, किती मेगाबाइट लागतील ते काढा.

खेळाच्या फाइली बदलायच्या असतील तर आधी त्यांची नक्कल दुसरीकडे ठेवा आणि घरच्या मोठ्या माणसांना विचारूनच हात घाला.

क्रमांक विचारावा की काम?

सगळ्या अडचणी एकत्र ठेवून पहा. यादी, ३२ घरांची आकडी, दोन गिगाबाइटचे कुंपण, नसलेला लगाम, एकच गाभा. यांतील एकही गोष्ट लिहिली गेली तेव्हा खुळेपणाची नव्हती. पण आज्ञावली एकदा लिहून झाली की ती थांबते, आणि यंत्रे पुढे जात राहतात. मग काल खरे असलेले गृहीतक आज खोटे पडते, आणि आज्ञावलीला ते कळायला काही मार्ग नसतो.

यातून आज्ञावली लिहिणाऱ्यांनी एक धडा घेण्यासारखा आहे. 'तू कोण?' असे न विचारता 'तुला काय येते?' असे विचारावे. क्रमांक पाहून ठरवले तर पुढे जन्मणारे प्रत्येक यंत्र अनोळखी ठरते. काम पाहून ठरवले तर न पाहिलेल्या यंत्रालाही योग्य जागा मिळते. कार्डाला काय काय झेपते हे विचारण्याची सोय डायरेक्टएक्स ९ मध्येही बरीच होती, आणि आजच्या भाषांत तर ती पायाभूतच मानतात. तुमच्यापैकी जे पुढे आज्ञावल्या लिहितील त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तुम्ही लिहिलेली ओळ वीस वर्षांनी कोणत्या यंत्रावर चालणार आहे, ते यंत्र अजून कोणी पाहिलेले नाही.

हा प्रश्न केवळ खेळाचा नाही. पुस्तक कपाटात पन्नास वर्षे राहिले तरी उघडून वाचता येते. संगणकावरची निर्मिती तशी उघडत नाही. ती चालवावी लागते, आणि ती चालवण्याचे ज्ञान कोणीतरी जपावे लागते. सिम्स २ च्या बाबतीत ते वर्षानुवर्षे बव्हंशी हौशी लोकांनी, कसलाही मोबदला न घेता जपले. २०२५ च्या जानेवारीअखेर, मूळ खेळाला २५ वर्षे होत असताना, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने पहिल्या दोन आवृत्त्या आजच्या विंडोजवर चालतील अशा रूपात पुन्हा विक्रीस आणल्या. आरंभी काही संगणकांवर त्या बंद पडत. नंतर दुरुस्त्या निघाल्या. वीस वर्षांपूर्वीच्या खेळाची लोकांना अजून किती ओढ आहे हे यावरून दिसते.

आणि ताईचे गाव? हजेरीपटात नव्या कार्डाचा क्रमांक लिहिला, मथळ्यातील शून्याचा एक केला, चित्रांची गती साठावर बांधली, सावलीची दुरुस्ती बसवली. अर्ध्या तासाचे काम. आता भिंती पुन्हा ताईने दिलेल्या रंगाच्या दिसतात. गावातल्या त्या पहिल्या घरात एक म्हातारी अंगणात खुर्ची टाकून बसली आहे. तिची पणती पाळण्यात आहे आणि तिचे डोळे पणजीसारखेच हिरवे आहेत. ते अप्रभावी जनुक इतक्या पिढ्या कसे लपून राहिले असेल, याचा तक्ता मात्र तुम्ही वहीत स्वतः काढून पहा.